जो आणि तो

१२ जानेवारी

मामा,

तू फोन घेत नाहीस, आणि मामी म्हणते घेतलास तरी नुसता हं-हं करतोस. म्हणून हे पत्र. पाकिटावर तिकीट चिकटवताना मलाच हसू आलं. लहानपणी तुला पत्र पाठवलं की तू लाल शाईने चुका दाखवून तेच पत्र परत पाठवायचास. आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासलीस, घरच्यांनाही सोडलं नाहीस. तेव्हा मला रडू यायचं. आता पाठवलंस तर चालेल, उलट बरंच वाटेल.

बातमी अशी की मी जो शिकायला लागले आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानामागे टेबल टेनिसचा जुना हॉल आहे, तिथे रविवारी सकाळी. बरेच दिवस मी खिडकीतून पाहत होते. मोठी माणसं हातात काठ्या घेऊन समोरासमोर उभी, कोणी बोलत नाही, मधेच एकजण ओरडतो आणि पुन्हा सगळं शांत. आत नक्की काय चाललंय ते कळेना, म्हणून एकदा दारात जाऊन उभी राहिले. दारात उभं राहणाऱ्याच्या हातात तिथे काठी देतात.

शिकवणाऱ्या बाई एरवी दातांच्या डॉक्टर आहेत. सगळे त्यांना डॉक्टरबाईच म्हणतात. मला म्हणाल्या, "जरासं दुखेल." शब्दन् शब्द खरा निघाला. पहिला पूर्ण तास नुसतं उभं राहायला शिकण्यात गेला. एवढी वर्षं मी चुकीची उभी होते म्हणे!

हात कसा आहे? मामीला विचारलं तर म्हणते, "छान आहे हं." हा "हं" मला आवडला नाही. तूच लिही.

तुझी खारूताई


२८ जानेवारी

खारे,

पत्र मिळालं. हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर कोंबडीचे पाय. एका पानाला तीन-चार बैठका लागतात, तेव्हा सांभाळून घे.

आधी चूक. "मी जो शिकायला लागले आहे." हे वाक्य अपुरं आहे. जो आला की मागोमाग तो यावा लागतो. जो करेल तो भरेल. तुझ्या वाक्यात जो आहे, तो नाही. तुझा तो कुठे आहे? तुझ्या आईला हे कळलं तर ती माझ्याआधी हाच प्रश्न विचारेल, आणि तिच्या मनातला तो वेगळा असेल.

आता फोनचं. अर्धांगाचा झटका आल्यापासून मला शब्द येतात, पण उशिरा येतात. तेवढ्यात समोरचा माझं वाक्य पुरं करून टाकतो. आणि चुकीचं करतो! परवा मी म्हणत होतो, "मला बाहेर..." शेजारी म्हणाले, "गार वाटतंय ना बाहेर? खिडकी लावतो." मला बाहेर जायचं होतं. म्हणून फोन नको. कागदाला घाई नसते.

हाताचं म्हणशील तर उजवा हात आहे तिथे आहे. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते. रबरी चेंडू दाबायला देते आणि दाबला की टाळ्या वाजवते. मी म्हातारा झालो असेन, पण टाळ्या वाजवून घेण्याइतका लहान झालेलो नाही. काठी टेकून चाला म्हणते. मी नाही टेकत.

खरं दुखणं वेगळंच आहे. तुझ्या मामीचं पाळणाघर तुला माहीत आहे. तिथल्या पोरांशी ती ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात आता माझ्याशी बोलते. "कोण शहाणं आहे? कोण गोळी घेणार?" लग्न झाल्यापासून आम्ही रोज भांडत आलो. चहावरून, पंख्यावरून, तुझ्या आजोबांच्या खुर्चीवरून. आजारी पडल्यापासून एकदाही नाही. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकला. तिने उचलला आणि हसली. मला भीती वाटली गं. सगळे माझ्याशी असे वागतात, जणू मी निम्मा निघून गेलोय. मला बाकी काही नको, माझं भांडण तेवढं परत पाहिजे.

असो. ती काठी केवढी असते? आखूड का लांब? लांब असली तर लांबूनच हाणता येईल की. आणि समोर कोण उभं असतं? सविस्तर लिही. मला वेळच वेळ आहे.

मामा


११ फेब्रुवारी

मामा,

तुझा तो सापडला!

जो म्हणजे काठी, हे मला ठाऊक होतं. जपानी शब्द आहे. पण काठीच्या समोर नेहमी तलवारवाला असतो, आणि त्याच्या हातातल्या लाकडी तलवारीला म्हणतात बोकुतो. डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बोकु म्हणजे लाकूड, तो म्हणजे तलवार." मी हॉलमध्ये एकटीच हसत सुटले. जोच्या समोर तो असतोच मामा! तुझं व्याकरण तिथेही चालतं. मी इतके दिवस एकटीच काठी फिरवत होते, म्हणजे माझं वाक्य खरंच अपुरं होतं.

काठी उभी धरली तर माझ्या काखेपर्यंत येते. साधी, गोल, गुळगुळीत. हिला मूठ नाही, पातं नाही, पुढचं-मागचं नाही. म्हणूनच आखूड. या टोकाने मारलं की हात सरकवायचा, लगेच त्या टोकाने मारायचं. लांब काठीला तेवढं वळता येत नाही. आमच्याकडचा बेकरीवाला म्हणतो, लाटणं कसं दोन्ही बाजूंनी चालतं, तसंच हे.

एकेका लढतीचा क्रम ठरलेला असतो. पाठ करायचा, बदलायचा नाही. पहिला प्रकार तुला फार आवडेल. एक माणूस काठी जमिनीवर टेकून उभा आहे. कोणीही बघून म्हणेल, बिचारा टेकू घेऊन उभाय. समोरून तलवारवाला येतो आणि सरळ डोक्यावर वार करतो. काठीवाला हलत नाही. लवकर हलला तर तलवार वळून पाठोपाठ येणार, उशीर केला तर खेळ खलास. वार खाली यायला लागला की तिरकं एक पाऊल बाजूला, काठी वर, आणि त्याच्या मनगटावर खाली. बोटभर अंतरावर थांबवायची, लावायची नाही. मग काठीचं टोक त्याच्या दोन डोळ्यांच्या मधे रोखायचं, की तो आपला मागे मागे जातो.

आता यातली गंमत ऐक. नवशिक्याने काठी घ्यायची आणि तलवार नेहमी जुन्याजाणत्याने. आणि तलवार दर वेळी हरते! म्हणजे डॉक्टरबाई, ज्यांना सगळं येतं, त्या रविवारभर आमच्याकडून हरत असतात. मी विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत?" तर म्हणाल्या, "जिंकायला काय, तुला एवढंसं येतं तरी तू जिंकतेसच. हरायला मात्र पुरतं यावं लागतं." मला हे अजून नीट कळलेलं नाही. तुला कळतंय का?

वाटलं तर करून बघ. काठी उजव्या हातात, टेकलेली. व्यायामवाल्या मुलीला सांगू नकोस, ती टाळ्या वाजवेल.

खारूताई


६ मार्च

खारे,

करून बघितलं. रोज करतो. सकाळी पोरं यायच्या आधी पाळणाघराची खोली रिकामी असते, तिथे. काठी म्हणून फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घेतला आहे. समोर तलवारवाला म्हणून भिंतीवर चिकटवलेला कागदी हत्ती. तो कधी वार करत नाही, तरी मी त्याच्यावर नजर ठेवून असतो.

पहिले काही दिवस नुसता टेकून उभा राहिलो. तुझं म्हणणं खरं आहे, टेकून उभं राहणं आणि टेकून उभं असल्यासारखं दाखवणं यात फार फरक आहे. व्यायामवाली मुलगी म्हणते तशी काठी मी कधीच टेकली नसती. पण ही टेकलेली काठी कधी उठेल याचा नेम नाही, हे मला माहीत असतं आणि हत्तीला माहीत नसतं.

आता एक आनंदाची बातमी. उजवा हात कानापर्यंत जायला लागला आहे.

प्रश्न आहेत. वार येताना डोळे तलवारीवर ठेवायचे की माणसावर? ओरडायचं कधी? आणि तो जाणता माणूस हरायचंच आहे म्हणून वार जरा हळू करतो का?

मामा

खारे, पाकीट मी चिकटवते आहे म्हणून आतलं वाचलं. मामाचं काही खरं धरू नकोस. हात कानापर्यंत नाही, छातीच्या वर जात नाही. सगळं डाव्याने चालतं, उजवा नुसता काठीवर ठेवलेला असतो. माझा मॉप मोडून ठेवलाय, मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसते. तरी तोंडातून ब्र काढत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, त्याला उलटून बोलू नका, रक्तदाब वाढेल. मला काय गोड बोलायची हौस आहे? जीभ चावून चावून फोड यायची वेळ आली. पण माणूस आपणहून सकाळी उठायला लागला, हेही खरं. डॉक्टरांचं त्याला सांगू नकोस. नाहीतर मुद्दाम मला डिवचत बसेल. मामी.


१८ मार्च

मामा,

मामी फितूर झाली आहे. तुझा उजवा हात छातीच्या वर जात नाही, हे मला कळलं. तिला काही बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल.

मला राग आला नाही. पण वाईट वाटलं, कारण तुझी बातमी वाचून मी दुकानात एका गिऱ्हाइकाला मिठी मारायच्या बेतात होते. त्यांना फक्त चष्म्याची दांडी बसवून हवी होती.

रविवारी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेऊन बघितली. मग म्हणाल्या, "परंपरेने हा प्रकार उजव्यानेच करतात. हे त्यांना नीट सांग. आणि मग सांग, डाव्याने करा." काठीला उजवं-डावं नसतं, ते आपल्याला असतं, असंही म्हणाल्या. नुसते ठोके शिकताना आम्ही दोन्ही बाजूंनी करतोच. तेव्हा तू काठी डाव्या हातात टेक आणि पाऊल दुसऱ्या बाजूला टाक. सगळं आरशात बघितल्यासारखं. उजव्या हाताने फक्त सोबत करायची. ते तू करतोच आहेस, फक्त आता चोरून करायला नको.

तुझे प्रश्न. डोळे माणसावर, तलवारीवर नाही. ओरडायचं ते काठी खाली येताना, आणि लाजायचं नाही. मला अजून लाज वाटते. तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "वार हळू केला तर समोरचा शिकणार काय? हरायचं असतं ते शेवटी. वार खराच."

मग त्यांनी मलाच विचारलं, "तुझ्या मामांसमोर तलवार कोण घेणार?" मी म्हटलं, तिथे कोणी नाही, कागदी हत्ती आहे. म्हणाल्या, "तुमच्या घरात जाणती तू. तूच घे." मामा, मी कसली जाणती! पण मे महिन्यात मला सुट्टी आहे. येऊ का?

खारूताई


४ एप्रिल

खारे,

मामीशी दोन दिवस अबोला धरला. तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "आज कोण गप्प गप्प आहे?" तेव्हा अबोला सोडला.

तुझ्याशी खोटं का बोललो ते सांगतो. तू मला प्रश्न विचारत होतीस, मी उत्तरं देत होतो. मी तुझ्याशी बरोबरीने बोलत होतो. हात वर जात नाही असं लिहिलं असतं तर तूही गोड बोलायला लागली असतीस. मला वाटलं, आहे तोवर हे एक तरी टिकावं.

डाव्याने करतो आहे. आरशातलं म्हणालीस ते बरोबर. पाऊल पडतं. उजवा हात मागून येतो, लग्नातल्या लांबच्या नातेवाइकासारखा. काम काही नाही, पण हजर असतो.

ये. पण एक अट आहे, आणि ती नीट वाच. वार खरा करायचा. डोक्यावर, सरळ, मी तिथे नसेनच असं धरून नाही, मी तिथे आहे असं धरून. लटका वार करणार असशील तर येऊ नकोस. दयेने कापलेलं फळ आणि दयेने केलेला वार, दोन्ही मला नकोत. पहिलं रोज ताटलीत येतं.

मामा


२५ एप्रिल

मामा,

तुझं पत्र वाचून मी घाबरले. का ते सांगते. मला खरा वार करताच येत नाही.

डॉक्टरबाईंनी बोकुतो हातात दिला, समोर स्वतः काठी टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मार." मी मारलं. त्या हलल्याच नाहीत. माझी तलवार त्यांच्या खांद्याच्या बाहेरून हवेत गेली. पुन्हा मारलं, पुन्हा तसंच. त्या म्हणाल्या, "मी हलू कशाला? तू मला मारतच नाहीस." दिवसभर मी लोकांच्या चेहऱ्याजवळ हात नेते मामा. कानामागे दांडी, नाकावर चिमटा, कोणाला टोचू नये, कोणाच्या पापणीला लागू नये. माझे हात चेहऱ्याजवळ गेले की आपोआप हळू होतात. ते माझं कामच आहे.

मी म्हटलं, "मला दया येते." त्या म्हणाल्या, "दया आली म्हणून मी अर्धाच दात काढू का?" मग म्हणाल्या, खोटा वार सगळ्यात धोक्याचा. समोरच्याला वाटतं आपण वार चुकवायला शिकलो, आणि तो शिकलेला नसतो. तलवार कुठे थांबवायची ते तुझ्या हातात असलं पाहिजे, पण ती कुठे चालली आहे याबद्दल खोटं बोलायचं नाही.

तेव्हा आता रोज दुकान बंद झाल्यावर मागच्या अंगणात टांगलेल्या दोरीवर वार करते. सरळ, आणि दोरीच्या केसभर अलीकडे थांबवायचा. आधी दोरी चुकायची, मग थांबणं चुकायचं. परवाच्या रविवारी डॉक्टरबाईंवर वार केला आणि त्या हलल्या! मला इतका आनंद झाला की पुढे हरायचं विसरले. त्यांनी काठीच्या टोकाने आठवण करून दिली.

तरी मामा, त्या डॉक्टरबाई आहेत. समोर तू असशील तेव्हा काय होईल, मला ठाऊक नाही. तू सांगितलंस म्हणून येते आहे. मामीला सांग, मॉप नवा आणते.

खारूताई


१७ मे

खारे,

मनगट कसं आहे? खरं सांग. बस येईपर्यंत हात पाठीमागे धरून "काही नाही, काही नाही" करत होतीस. माझ्याकडूनच शिकलीस म्हणा.

आता जे तुला माहीत आहे ते आधी लिहितो, कारण मला ते पुन्हा एकदा बघायचं आहे.

तुझा पहिला वार लटका होता. तुला वाटलं मला कळणार नाही. गाळलेलं अक्षर मला छापलेल्याच्या आधी दिसतं. म्हणून मी हललो नाही. तलवार कानाशेजारून गेली, मी काठी टेकून तसाच उभा. तू म्हणालीस, "मामा, हल ना." मला काहीतरी सांगायचं होतं आणि शब्द अडकला. तू थांबलीस. वाक्य पुरं केलं नाहीस. किती वेळ थांबलीस कोणास ठाऊक, पण थांबलीस. मग "खरा" एवढाच शब्द आला.

तू ओठ चावलास आणि दुसरा वार आला. तो खरा होता. तो माझ्याकडेच येत होता, दुसऱ्या कोणाकडे नाही. मी घाबरलो. एवढ्या महिन्यांत मी फक्त माझ्याच हाताला घाबरत होतो. समोरून येणाऱ्या कशाला तरी घाबरायला किती बरं वाटतं म्हणून सांगू! पाय कधी हलला ते कळलं नाही. डावा हात वर गेला, उजवा त्याच्याबरोबर ओढला गेला, मी ओरडलो, आणि काठी खाली आली. बोटभर वर थांबवायची हे माझ्या लक्षात होतं, हाताच्या लक्षात राहिलं नाही.

तू "आई गं" म्हणालीस आणि तरीही नियमाप्रमाणे मागे मागे गेलीस. त्या हरण्याबद्दल तुझ्या डॉक्टरबाईंना सांग.

आता तुला माहीत नसलेलं. मामी दारात उभी होती, कडेवर एक पोर घेऊन. तिने दोन्ही वार पाहिले. तुझ्यासमोर ती काही बोलली नाही. बर्फ आणला, फडकं बांधलं, तुला डबा दिला, बसपर्यंत आली, हात हलवला. परत येताना माझ्या पुढे पुढे चालली. मी घरात येऊन खुर्चीत बसायला गेलो.

"बसू नकोस," ती म्हणाली. पाळणाघराचा आवाज नव्हता तो.

"लाज नाही वाटत? पोरीचं मनगट मोडलं असतं तर लोकांना चष्मे काय पायाने घातले असते तिने? आणि तुझं डोकं? ते फुटलं असतं तर निस्तरणार कोण? मीच ना? आधीच एकदा निस्तरलंय मी! रात्र रात्र बाकड्यावर बसून! तेव्हा कुठे होता तुझा तो हत्ती? आणि हत्तीवर काठीचे डाग पाडलेस, पोरं विचारतात त्याला काय झालं. मी काय सांगू? उलटून बोलू नका म्हणे! खड्ड्यात गेला तो डॉक्टर! त्याला काय माहीत तू कसला माणूस आहेस ते?"

असं बरंच. शेजारच्यांनी खिडकी उघडली. पाळणाघरातली पोरं दारात येऊन डोळे मोठे करून ऐकत होती. मी उभा होतो. काठी नव्हती हातात, कशाला टेकलोही नव्हतो. हसू येऊ नये म्हणून मी जो काही व्यायाम केला तो चेंडू दाबण्यापेक्षा फार अवघड होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड चालूच होतं. मला किती दिवसांनी माझी बायको दिसत होती.

ती श्वास घ्यायला थांबली. मी म्हटलं, आणि शब्द एकदम वेळेवर आले, "अगं, जरा हळू. मी आजारी माणूस आहे."

"कोण म्हणतं?" ती म्हणाली.

मामा